कोरेगाव : ओल्या आणि कोरड्या साताऱ्याच्या मधले स्टेशन

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी सातारा सोडते आणि पुढचेच स्टेशन लागते कोरेगावचे. सातारा शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर, तीळगंगेच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव. १८१८ च्या लढाईचे भीमाकाठचे कोरेगाव वेगळे, ते पुणे जिल्ह्यात.

जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा धो धो पाऊस, पूर्वेला खटाव-माणचा कायमचा दुष्काळ. कोरेगाव या दोहोंच्या मधोमध. तालुक्यातही हाच फरक दिसतो. कृष्णाकाठी आणि धोमच्या कालव्याखाली ऊस, आले. उत्तरेकडे चंदन-वंदन आणि नांदगिरीच्या पायथ्याशी मात्र बरीचशी शेती आभाळाच्या भरवशावर. पुसेगाव-म्हसवडकडे जाणारा रस्ता गावातूनच जातो, त्यामुळे माणदेशाची ये-जा इथे नित्याची.

रेल्वे इथे आली ती सदर्न मराठा कंपनीची. पुणे-लोंढा हा मीटरगेज मार्ग १८९० पर्यंत पुरा झाला आणि त्याने या मुलखाचा नकाशाच बदलला. महाबळेश्वरला निघालेले मुंबईकर तालुक्यातल्या वाठारला उतरत आणि टांग्याने वाईमार्गे घाट चढत. सातारकरांची गाडी धरायची जागा होती पाडळीजवळचे सातारा रोड. तिथेच धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगर आणि पुढे डिझेल इंजिने बनवणारे हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. पुढे १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाले, रूळ माहुलीच्या बाजूला सरकले आणि साताऱ्याला जवळचे स्टेशन मिळाले. सातारा रोडला नाव राहिले, गाडी गेली. कोरेगावची गाडी मात्र टिकली, आणि तालुक्याच्या गावाला हा फार मोठा आधार झाला.

याच मार्गावरचा एक प्रवास प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवा. १९०१ साली लहानगे भीमराव आंबेडकर, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले वडिलांकडे निघाली. भीमरावांचे वडील रामजी सकपाळ तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरच्या तलावावर खजिनदार होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात वडिलांच्या मुक्कामाच्या गावाचे नाव कोरेगाव असे छापलेले आढळते, म्हणून अनेकांना ते हेच वाटते. पण आपले कोरेगाव खटावात नाही, आणि मुले उतरली कोरेगावच्याही पुढे, मसूर स्टेशनात. ते गाव खटावातले गोरेगाव असले पाहिजे. साताऱ्यातल्या घरापासून दहा मैलांवरच्या स्टेशनात टांग्याने जाऊन मुलांनी गाडी धरली. हे अंतर सातारा रोडशी जुळते. म्हणजे नवे कपडे घातलेली ती मुले मसूरला पोचण्याआधी आपल्या कोरेगावच्या स्टेशनातून पुढे गेली. मसूरला जात कळली तशी गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी स्वतः हाकून निघावे लागले आणि वाटेत प्यायला पाणीही मिळाले नाही. तिकीट काढून डब्यात बसलेल्या मुलांना स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच गावगाड्याने काय दाखवले, हे वाचताना आजही संताप येतो.

उत्तर कोरेगावची ओळख सांगायची तर वाघ्या घेवड्याचीच सांगितली पाहिजे. दाणा फिकट गुलाबीसर, त्यावर लालसर रेघा, म्हणून वाघ्या. देऊर, वाठार, पिंपोडे या भागात मृगाच्या पावसावर पेरतात. हलकी-मध्यम, निचऱ्याची जमीन आणि मोजका पाऊस त्याला मानवतो. पाणी साचले की पीक गेलेच. सुमारे अडीच महिन्यांत शेंगा वाळतात, झाडे उपटून खळ्यावर येतात आणि रान रब्बीच्या ज्वारीला मोकळे होते. उत्तर भारतात हा घेवडा राजमा म्हणून खपतो. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कमी पाण्यावर उभ्या असलेल्या या पिकाला उसाइतका मान मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

जायचे तर पावसाळा सरता सरता जावे. जरंडेश्वराच्या डोंगरावर मारुतीचे दर्शन घ्यावे, पंतप्रतिनिधींच्या किन्हईत टेकडीवरचे यमाईचे तटबंद देऊळ पाहावे, आणि परतताना बाजारात नव्या घेवड्याचा भाव विचारून दोन-चार किलो घेऊन यावा.