तंजावरच्या शिवारात वायूला मज्जाव

वारणानगरच्या आसपास बोअर मारणे कुणाला नवे नाही. काही शे फुटांवर पाणी लागले तर नशीब, नाहीतर पैसे मातीत. फ्रॅकिंगची विहीर मात्र दोन-तीन किलोमीटर खोल जाते आणि तिथे आडवी वळते. मग पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने सोडून शेलचा खडक फोडतात, म्हणजे त्यात अडकलेला वायू भेगांतून वर येतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या हिशेबाने एका विहिरीला सुमारे 57 लाख ते 6 कोटी लिटर पाणी लागते. त्यातले काही खारट, रसायनमिश्रित होऊन परत येते. ते टाकायचे कुठे, हा पुढचा प्रश्न.

वारणा खोऱ्याखाली बेसॉल्टचा काळा पाषाण आहे, त्यामुळे इथे शेल वायूसाठी कोणी येणार नाही. पण पाण्यावरून गावे कशी पेटतात, हे या खोऱ्याला ठाऊक आहे. दानोळीतून इचलकरंजीला वारणेचे पाणी नेण्याची योजना आली तेव्हा नदीकाठ रस्त्यावर उतरला होता, आणि ते पाणी तर पिण्यासाठी होते.

असाच लढा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वायूविरुद्ध झाला. तंजावर मराठी माणसाला परके नाही. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तिथे भोसल्यांचे राज्य होते आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. या भातशेतीच्या मुलखात मन्नारगुडीजवळ कोळशाच्या थरांतला मिथेन काढायची योजना आली. त्यासाठी आधी थरातले पाणी उपसावे लागते. भूजल खाली जाईल आणि जवळच्या समुद्राचे खारे पाणी आत शिरेल, ही शेतकऱ्यांची धास्ती अगदी रास्त होती. सेंद्रिय शेतीचे प्रचारक नम्माळवार गावोगाव फिरून हेच सांगत होते, आणि याच मोहिमेत डिसेंबर 2013 मध्ये त्यांचे निधन झाले. 2017 मध्ये पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या नेडुवासलमध्ये हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध बायाबापड्यांसह सारे गाव धरण्याला बसले.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने 2012 मध्ये फ्रॅकिंगवर थेट बंदी घातली. न्यूयॉर्कने 2014 मध्ये तसाच निर्णय घेतला, मेरीलँडने 2017 मध्ये. भारतातल्या राज्याला हे इतके सरळ जमत नाही. तेल आणि नैसर्गिक वायू हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. जमिनीवरचा उत्खननाचा पट्टा राज्य देते खरे, पण केंद्राच्या मंजुरीने. शेती, जमीन आणि पाणी मात्र राज्याच्या सूचीत येतात.

तमिळनाडूने नेमकी हीच, शेतीच्या अधिकाराची वाट धरली. फेब्रुवारी 2020 मध्ये विधानसभेने संरक्षित कृषिक्षेत्र विकास कायदा मंजूर केला. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम आणि कुड्डलोर-पुदुकोट्टईचे काही भाग त्यात आले. तेल, वायू, कोळशातला मिथेन, शेल वायू यांचा शोध, ड्रिलिंग आणि उपसा नव्याने सुरू करायला तिथे बंदी झाली. तांबे-जस्ताचे स्मेल्टर आणि पोलाद कारखानेही त्याच यादीत आहेत.

कायद्यात दोन मोठी भोके राहिली. आधीपासून चालू असलेल्या प्रकल्पांना त्याने हात लावला नाही. शिवाय सरकारच्या मूळ घोषणेतले तिरुचिरापल्ली, करूर आणि अरियलूर हे जिल्हे गाळले गेले. ज्यांच्या शेताशेजारी विहीर आधीच आहे, त्यांना या कायद्याने काय दिले, हा सवाल टाळता येणारा नाही.

तरी हा कायदा कागदावरच राहिला असे म्हणता येत नाही. 2023 मध्ये केंद्राने कोळसा खाणींच्या लिलावात तंजावर जिल्ह्यातल्या वडसेरीसह तीन पट्टे घातले. मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, त्यात याच कायद्याचा आधार घेतला, आणि एप्रिलमध्ये तिन्ही पट्टे लिलावातून वगळले गेले.

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या बागायतीसाठीही असे क्षेत्र आखायला हवे. इथे वायू नाही, पण शाहूवाडीच्या डोंगरात बॉक्साइट आहे. मसुदा करताना जुन्या प्रकल्पांचे कलम मात्र तमिळनाडूकडून जसेच्या तसे उचलू नये.