बादलीभर गरम पाण्यासाठी

ऊर्जा नष्ट होत नाही, तिचे फक्त रूप बदलते, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेले असते. मग जे संपतच नाही ते वाचवायचे कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर न्हाणीघरातच आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंश सेल्सिअसवर न्यायला सुमारे १,८८० किलोज्यूल, म्हणजे अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते. हीच ऊर्जा पाणी नुसते उचलण्यात लावली, तर ते सुमारे पावणेतेरा किलोमीटर उंच, एव्हरेस्टच्याही वर जाईल! आंघोळीनंतर मोरीतून जाणाऱ्या कोमट पाण्यातही त्यातली बरीच ऊर्जा शिल्लक असते, पण तिच्यावर साधा पंखाही फिरवता येत नाही. ऊर्जेचा हिशेब जुळतो, तिची काम करण्याची ताकद मात्र घटलेली असते. म्हणून विजेसारखी उंची ऊर्जा नुसत्या पाणी तापवण्यात घालवणे ही मला मोठी उधळपट्टी वाटते.

गिझर तर जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता करतो, मग उधळपट्टी कुठे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे, पण तो हिशेब घरातल्या प्लगपासून सुरू होतो; खरा हिशेब कोळशापासून धरायला हवा. गतीची उष्णता पूर्णपणे करता येते, हे जेम्स जूलने १८४०च्या दशकात पाण्यात वल्ही फिरवून दाखवले. उलटा प्रवास तितका सोपा नाही. उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम मिळेल, हे गरम आणि थंड टोकांच्या तापमानांवर ठरते, हे सादी कार्नोने त्याआधीच, १८२४ मध्ये मांडले होते. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात वाफ साधारण ५४० अंशांची धरली आणि थंड टोक ४० अंशांचे, तर ही कमाल मर्यादा ६० टक्क्यांच्या आसपास येते; प्रत्यक्षात हाती लागते एक तृतीयांश किंवा थोडे अधिक. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते आणि तिची उष्णता थंड पाण्याला द्यावी लागते. कूलिंग टॉवरवर दिसणारा पांढरा ढग धुराचा नसतो. कोळशाच्या ज्या उष्णतेची वीज होऊ शकली नाही, ती त्या वाटेने हवेत जात असते. उष्णतेपासून निघून गती आणि वीज अशी वळणे घेत आपण परत उष्णतेवरच येतो, आणि वाटेत दोन तृतीयांश गमावतो. त्या एका बादलीमागे अंदाजे ३५० ग्रॅम कोळसा जळतो.

कोयनेची वीज वापरली तर? तिथे काही जळत नाही. सह्याद्रीवरून पश्चिमेला कोसळणाऱ्या पाण्याच्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास वीज मिळते. पण पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाची मर्यादा आहे. मागणी एकदम वाढते तेव्हा लगेच सुरू करता येणारी ही वीज गिझरने खाल्ली, तर दुसरीकडची गरज बहुधा कोळशालाच भागवावी लागते. याउलट गच्चीवरचा सोलर हीटर उन्हाची थेट उष्णताच करतो, मधले एकही वळण न घेता. फ्लॅटमध्ये गच्ची मिळत नाही, ही अडचण खरी आहे. तिथे हीट पंपाचा विचार करता येतो. तो विजेची उष्णता करत बसत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात आणतो, त्यामुळे एका युनिटमागे साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. किंमत गिझरपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे जिथे दिवसभर गरम पाणी लागते अशा वसतिगृहांत आणि रुग्णालयांत तो आधी परवडतो.