मांजरांच्या शस्त्रक्रियेतील भूल : औषधसंयोगांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना :
शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या भुलीकडून शुद्ध हरपणे, वेदनाशमन व स्नायुशैथिल्य या तीन गोष्टी अपेक्षित असतात. कोणतेही एकच औषध या तिन्ही गोष्टी सुरक्षित मात्रेत साधत नाही. मांजरांमध्ये सर्रास वापरले जाणारे केटामाइन हे याचे ठळक उदाहरण होय. ते एकटे दिल्यास स्नायू ताठरतात, लाळ वाढते व शुद्धीवर येताना प्राणी अस्वस्थ होतो. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यास अन्य औषधांची जोड देतात. प्रस्तुत लेखात अशा तीन संयोगांची तुलना केली आहे.

संयोगांची तुलना :
(१) केटामाइन व झायलाझिन : हा संयोग स्वस्त असून स्नायूत टोचता येतो. झायलाझिनमुळे शैथिल्य व काही प्रमाणात वेदनाशमन मिळते. मात्र मांजरांना उलट्या होतात व हृदयगती मंदावते. त्यामुळे हृदयविकारग्रस्त प्राण्यांत तो टाळणे इष्ट ठरते.
(२) केटामाइन व मिडाझोलाम : हृदयावरील ताण तुलनेने कमी असल्याने वृद्ध व अशक्त मांजरांसाठी हा संयोग सोयीचा आहे. तथापि मिडाझोलाम वेदनाशामक नाही. अंडाशय काढण्यासारख्या उदरशस्त्रक्रियेत ब्युप्रेनॉर्फिनसारखे वेदनाशामक स्वतंत्रपणे द्यावे लागते.
(३) केटामाइन, मेडेटोमिडिन व ब्युटॉरफॅनॉल : तिन्ही अपेक्षा एकाच टोचणीत पूर्ण होतात. हृदयगती येथेही मंदावते. परंतु अटिपामेझोल देऊन मेडेटोमिडिनचा परिणाम उलटवता येतो. ते फार लवकर दिल्यास मात्र शरीरात उरलेल्या केटामाइनमुळे ताठरपणा पुन्हा दिसतो.

मूत्रपिंडाचा विकार असल्यास तिन्ही संयोगांत दक्षता आवश्यक आहे. कारण मांजरांत केटामाइनचा बराच अंश मूत्रावाटे बाहेर पडतो व त्याचा परिणाम लांबू शकतो.

शुद्धीवर येण्याचा काळ :
ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक पाहणीत भुलीशी निगडित मृत्यूचे प्रमाण निरोगी मांजरांत ०.११ टक्के, तर आजारी मांजरांत १.४० टक्के आढळले. यांपैकी सुमारे ६० टक्के मृत्यू शस्त्रक्रियेनंतर, तेही बहुतांशी पहिल्या तीन तासांत झाले होते.

निष्कर्ष :
सर्व मांजरांसाठी एकच संयोग श्रेष्ठ ठरविता येत नाही. वय, हृदय व मूत्रपिंडाची स्थिती आणि शस्त्रक्रियेतील वेदना यांनुसार निवड करावी लागते. निवड योग्य असली तरी शेवटचा टाका घातल्यावर श्वसन, नाडी व शरीराचे तापमान यांवरील देखरेख थांबविणे धोक्याचे ठरते. संयोगाचे मूल्यमापन प्राणी पूर्ण शुद्धीवर येईपर्यंतच्या काळासह व्हावयास हवे.