कमरेएवढं पाणी

मृगाचा पहिला पाऊस नुकताच पडून गेलाय. तलावाच्या पोटात गुडघाभर चिखल आहे आणि त्या चिखलात अर्धं गाव उतरलंय. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातलं हे गाव महामार्गापासून बरंच आत, धानाच्या बांध्यांमधून वळत जाणाऱ्या रस्त्यावर. पाळीवर उभं राहिलं की एका अंगाला त्या बांध्या दिसतात, अजून उघड्या, कुठे कुठे पऱ्ह्यांसाठी नांगरट सुरू झालेली. दुसऱ्या अंगाला तलाव. मधोमध उरलेलं मातकट पाणी, त्याच्या भोवती काळा गाळ आणि काठाने बेशरमाचं दाट रान. त्याला फिकट जांभळी फुलं आलीत. गावात कुणाला त्यांचं कौतुक नाही.

"मुळासकट घे गा, तुकडा ठेवू नको. तुकड्याले बी फुटवा येते."

पाळीच्या उतारावरून बाबाजी ओरडतायत. ढिवर मोहल्ल्यातले, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतले सगळ्यांत वयस्क. कमरेला पंचा, अंगात बनियन, हातात काठी, पण काठीचा उपयोग चालण्यापेक्षा दाखवण्यासाठीच जास्त. पोरं दोघंदोघं मिळून एकेक खोड हलवतात, कुदळीने मूळ मोकळं करतात, मग ते चिखलातून सुटून येतं तेव्हा मागे कोलमडतात. उपटलेला ढीग बाया ओढत पाळीपलीकडे नेतात. तलावात एक फांदी पडून राहिली तरी ती रुजते. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, शेळीने खाल्लं तर ती आजारी पडते. एकदा पसरलं की ते काठाचा गाळ धरून ठेवतं, उथळ जागा गिळतं, आणि मासे अंडी घालतात ती नेमकी हीच उथळ जागा.

ओढणाऱ्यांमध्ये फक्त ढिवर नाहीत, म्हणून मी आज इथे आलोय. कोहळी शेतकऱ्यांची माणसं आहेत, गोंड टोलीतल्या बाया आहेत, बौद्ध मोहल्ल्यातली महाविद्यालयात जाणारी पोरं आहेत. यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात जाळं नाही. या तलावातल्या मासळीच्या विक्रीतला एक रुपयाही त्यांच्याकडे जाणार नाही.

ट्रॅक्टर गाळाच्या कडेला थांबलाय. तो एका कोहळी काकाजींचा. पाऊस पडायच्या आधीच त्यांनी तलावाचा कोरडा, टणक झालेला तळ नांगरून दिला. डिझेलचे पैसे ढिवरांच्या मत्स्यव्यवसाय संस्थेने दिले, ट्रॅक्टरचं भाडं त्यांनी घेतलं नाही. आता नांगरलेल्या त्या पट्ट्यात लागवड सुरू आहे. शेजारच्या एका तलावात अजून जुन्या पाणवनस्पती शिल्लक आहेत. तिथून पहाटेच त्या मुळांसकट काढून, ओल्या पोत्यांत गुंडाळून आणल्यात. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, कमळाचे कांदे आणि आणखी काही, ज्यांची नावं फक्त लागवड करणाऱ्या या बायांना ठाऊक आहेत. रोवणीला वाकतात तशाच त्या ओळीने वाकल्यात. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्याने रोप गाळात दाबायचं आणि एक पाऊल मागे.

मीही एक जुडी घेतो. माझ्या शेजारची बाई माझं रोप उपटून पुन्हा लावते. "खोल दाब जी. पानी भरलं का वर येऊन पोहते ते."

तलावात कोणती वनस्पती कुठे लावायची हे ती सांगते. काठाला कोणती, मध्ये कोणती, कुणाच्या पानांआड मरळ पिल्लं सांभाळते, झिंगे कशाला चिकटून राहतात. तिच्या शब्दांवर ट्रॅक्टरवाले काकाजीही जुडी घेऊन पुढे सरकतात. गावात एरवी असं क्वचितच दिसतं. ज्याच्याकडे जमीन आहे तो सांगतो आणि ज्याच्याकडे नाही तो ऐकतो, अशीच इथली रीत. आज तलावाच्या पोटात जमीनदाराला काही माहीत नाही आणि भूमिहीन बाईला सगळं माहीत आहे. मदत करायला आलेला माणूस ज्याला मदत करतो त्याच्याच हाताखाली काम करतोय, हे मला इथलं सगळ्यांत मोलाचं वाटतं.

तलाव कोहळ्यांच्या पूर्वजांनी बांधला. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळायची, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. पाळ, जादा पाणी वाहून जायचा सलंग आणि शेताकडे पाणी सोडायचं तुडूम, एवढ्यावर ही सगळी व्यवस्था उभी. स्वातंत्र्यानंतरच्या काळात भंडारा मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारांची मालकी संपली आणि त्यांचे तलाव सरकारकडे गेले. कागदावर त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव' झालं, बोलण्यात 'मामा तलाव'. गाळ काढायचा कुणी, पाळ दुरुस्त करायची कुणी, याचं उत्तर तेव्हापासून गावाच्या हातातून निसटलं.

ढिवरांच्या हातात तर ते कधी नव्हतंच. सरकारदरबारी ते भटक्या जमाती-ब मध्ये मोडतात, पण त्यांचा पाय या तलावांच्या काठावरून हललेला नाही. शेती बहुतेकांकडे नाही. मासे धरायचे, शिंगाडा लावायचा, हंगामात दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी आणि कापणी करायची. तलाव ठेक्याने घ्यायचा तो संस्थेच्या नावाने, ठेक्याची रक्कम भरून. मग रोहू, कटला, मृगळ यांचं बीज विकत आणून सोडायचं. ही मासळी लवकर वाढते, बाजारात भाव मिळतो, म्हणून वर्षानुवर्षं तेच सोडलं गेलं. पाठोपाठ ग्रास कार्प आला, तो पाण्यातली वनस्पती खाऊन साफ करतो. सायप्रिनस आला, तो तळ उकरून पाणी गढूळ करतो. गावच्या मासळीला लपायला आणि अंडी घालायला जागा उरली नाही.

अर्जुनी मोरगावच्या भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा'ने ढिवरांच्या संस्थांबरोबर हे काम आधी करून दाखवलं. बेशरम काढणं, तळ नांगरणं, पाणवनस्पती लावणं, स्थानिक मासळी परत आणणं. १९९९ मध्ये जिल्हा फुटला आणि तो भाग गोंदियात गेला, पण तलाव, माणसं आणि अडचणी त्याच राहिल्या. बाबाजींच्या तोंडी 'अर्जुनीकडले' हा शब्द दोनदा येतो, दोन्ही वेळा आदराने.

ऊन चढतं. काम थांबतं. पाळीवरच्या मोहाखाली पळसाच्या पत्रावळी मांडल्या जातात. भात, लाखोळीचं वरण, आंब्याचं लोणचं. तांदूळ घरोघरचा. पंगत एक. मी मुद्दाम बघतो कोण कुणाशेजारी बसतं. याच जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ ला तिथे भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना गावाच्या डोळ्यांदेखत मारलं गेलं. ज्याला भंडारा ठाऊक आहे त्याला ते विसरता येत नाही, आणि विसरू नये. याच भंडाऱ्यातून १९५४ ची पोटनिवडणूक बाबासाहेब लढले आणि हरले. म्हणून एका ओळीत बसलेल्या या पत्रावळींकडे मी सहज नजर टाकून पुढे जाऊ शकत नाही. एका पंगतीने जात सुटत नाही हे इथल्या प्रत्येकाला कळतं. तरी बौद्ध मोहल्ल्यातला पोरगा वरण वाढतोय, काकाजी "आणखी घाल" म्हणतायत आणि कुणी हात आखडता घेत नाही. हेही मी डोळ्यांनी बघतोय.

जेवण झाल्यावर कुणी उठत नाही. बैठक आहे. खरं काम आता सुरू होतं.

संस्थेचा सचिव तिशीतला. वही उघडून तो पहिलाच मुद्दा ठेवतो, तो सगळ्यांत अवघड. तुडूम. पावसाने दगा दिला की आश्विनात धान निसवायच्या वेळी पाणी लागतं. शेतकरी तुडूम उघडतात, तलाव तळाला येतो आणि दिवाळीनंतर उरलेल्या डबक्यात मासे मरतात. ढिवर वर्षाचा ठेका भरून बसलेले असतात. यावर इथे भांडणं झालीत, रात्री तुडुमावर पहारे बसलेत.

"तलावात कमरेएवढं पानी ठेवा, एवढंच मागनं हाये," सचिव म्हणतो. "त्याच्या खाली गेलं का तुडूम बंद."

थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग पाळीला लागून ज्याची पहिली बांधी आहे तो शेतकरी बोलतो. चाळिशीचा, सकाळपासून बेशरम ओढून त्याचे हात ओरखडलेत.

"पानी सोडलं त माझं धान पिकते, नाई सोडलं त तुमची मासोरी जगते. दाना पोचट झाला त सोसायटीचं कर्ज कोन फेडन?"

त्याचं खरं आहे. मला या बैठकीतलं हेच पटतं की त्याला कुणी स्वार्थी म्हणत नाही. सकाळी चिखलात उतरणं सोपं होतं. तिथे घाम गाळायचा होता, गमवायचं काही नव्हतं. आता त्याच्याकडून मागतायत ते आश्विनातलं पाणी आहे.

काकाजी हिशेब मांडतात. भारी धान लावलं तर पाणी उशिरापर्यंत लागतं. पहिल्या बांध्यांनी या साली मध्यम किंवा हलकं लावलं तर ते आधी निघेल. उत्पन्न थोडं उतरेल. पाणी कमी पडलंच तर ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी ज्यांच्याकडे नाही त्यांना शेवटचं एक पाणी द्यायचं. "माझ्या मोटारीचं पानी मी देतो," ते म्हणतात. "बाकीच्याईनं सांगा." दोघे होकार देतात. एक खाली बघत राहतो.

गोंड टोलीतली एक मावशी विचारते, खूण कोण करणार? कमर कुणाची मोजायची, उंच माणसाची की बुटक्याची? सगळे हसतात, पण प्रश्न पक्का आहे. तुडुमाजवळच्या दगडावर लाल रंगाचा पट्टा मारायचं ठरतं. पट्टा संस्थेचा एक आणि शेतकऱ्यांचा एक अशा दोघांनी मिळून मारायचा.

मग कडेला बसलेली बाई उभी राहते. सकाळी माझं रोप उपटून लावणारी तीच. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. संस्थेच्या यादीत नाव त्याचं होतं, ते कटलं. सासऱ्यांच्या वयाच्या माणसांसमोर बोलायचं म्हणून तिने पदर डोक्यावर घेतलाय, आवाज मात्र खाली नाही.

"जाळं विनाले मले येते. मासोरी साफ कराले, बाजारात नेऊन इकाले बी मलेच येते. मालक गेले त माझा हिस्सा काहून गेला जी?"

ढिवरांच्या पंक्तीत कुजबुज होते. बाहेरच्यांच्या पाण्यावर तासभर मोकळेपणाने बोलणारे आता एकमेकांकडे बघतायत. एक म्हातारा म्हणतो की बायकांनी कधी ठेक्यात नाव लावलं नाही. दुसरा म्हणतो, रात्री जाळं टाकायला कोण जाणार? बाबाजींची काठी जमिनीवर आपटते.

"सकारपासून पाहून राह्यलो. रोपं कोन लावली? तुमी का मी?"

मला वाटतं, आजच्या दिवसातली सगळ्यांत कठीण जागा हीच आहे. शेतकऱ्यांकडून पाणी मागताना ढिवर हक्काने बोलले. त्यांच्याच घरातली बाई तोच हक्क मागते तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. पण ती बसत नाही. तिच्यामागे आणखी दोघी उठतात, एक विधवा आणि एक नवऱ्याने टाकलेली. बचत गटाची अध्यक्ष म्हणते की अर्ज आम्ही लिहून देऊ, तुम्ही फक्त ठराव करा. वाद चालतो. सावली मोहाच्या बुंध्यापासून सरकून पाळीच्या कडेला जाते. शेवटी सचिव वहीत तिघींची नावं लिहितो, ठरावाखाली सह्या आणि अंगठे घेतो. ठरावाला विरोध करणारा म्हातारा अंगठा देत नाही, पण वहीही अडवत नाही. निबंधकांच्या कार्यालयात अर्ज न्यायचा तो पोरांपैकी एकाने तिघींना सोबत घेऊन.

पहिल्या बांधीवाला शेतकरी चपला शोधत उठतो. सगळे त्याच्याकडे बघतात.

"मी मध्यम लावीन," तो म्हणतो. "पन शेवटल्या बांध्यावाल्याईचं का? ते त आज आलेच नाई. पानी तिथपर्यंत गेलं नाई त ते तुडूम फोडतीन."

याचं उत्तर बैठकीत कुणाकडे नसतं. शेपटीच्या बांध्या गावाच्या दुसऱ्या टोकाच्या लोकांच्या, आणि त्यांना पाणी नेहमीच सगळ्यांत शेवटी मिळतं. त्यांना विचारल्याशिवाय लाल पट्ट्याला अर्थ नाही. काकाजी म्हणतात, रोवणी लागली की कुणी घरी सापडणार नाही, आजच संध्याकाळी जाऊ. कोण कोण? पहिल्या बांधीवाला, गोंड टोलीतली मावशी, सचिव. आणि आता वहीत जिचं नाव लिहिलंय ती. ती म्हणते, "येतो जी मी बी, पन आधी उरलेल्या जुड्या लावू द्या. उन्हात सुकतीन."

पोती उघडली जातात. काकाजी पायजमा पुन्हा गुडघ्यापर्यंत दुमडतात आणि तिला विचारतात, या कुठे लावायच्या, काठाला की मध्ये?