श्वसनसाहाय्याचा ध्वनी आणि अकालजात बालकाचे श्रोत्रेंद्रिय

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात इंद्रिये व त्यांचे विषय यांच्या संयोगाचे अतियोग, अयोग आणि मिथ्यायोग असे तीन प्रकार सांगितले आहेत. श्रोत्राच्या अतियोगाचे उदाहरण म्हणून तेथे मेघगर्जना व नगाऱ्याचा नाद यांचा उल्लेख येतो. हा विचार आपण बहुधा प्रौढ रुग्णापुरता करतो. वास्तविक त्याची सर्वाधिक गरज आज नवजात अतिदक्षता विभागात आहे. ‘बाळाला पेटीत ठेवले होते’ असे सांगणारे मातापिता आपल्या चिकित्सालयात वरचेवर येतात. त्या बालकांच्या कानांविषयी प्रस्तुत लेखात काही विवेचन करीत आहोत.

गर्भाचे अंतःकर्ण साधारणपणे २४ ते २५ आठवड्यांच्या सुमारास ध्वनीला प्रतिसाद देऊ लागते. गर्भाशयात उच्च कंप्रतेचे आवाज मातेच्या शरीरामुळे गाळले जातात. गर्भापर्यंत मुख्यतः मंद्र स्वर, मातेच्या हृदयाचे स्पंदन आणि तिचा आवाज पोहोचतो. २८ व्या आठवड्यात जन्मलेले बालक हे नैसर्गिक आवरण बारा आठवडे आधी गमावते, आणि तेही श्रवणमार्ग घडत असतानाच.

अशा बालकाची अपक्व फुप्फुसे प्रत्येक उच्छ्वासाला मिटू पाहतात. ती उघडी राहावीत म्हणून सतत दाबाने वायू देण्याची पद्धत, म्हणजे ‘सीपॅप’, १९७१ साली डॉ. जॉर्ज ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. आपल्याकडे तिचा ‘बबल सीपॅप’ हा प्रकार विशेष रुळला आहे. त्याची रचना साधी आहे. उच्छ्वासाच्या नळीचे टोक पाण्यात बुडवलेले असते. ते ५ सेंटिमीटर खोल असेल, तर दाबही तितक्याच पाण्याच्या स्तंभाएवढा मिळतो. पाण्यातून बुडबुडे निघतात, त्यांचा ध्वनी होतो. नाकपुडीशी अरुंद मार्गातून वेगाने शिरणाऱ्या वायूचा ध्वनी निराळाच. जिनिव्हा येथील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले, की हा आवाज कोणत्या बनावटीचे यंत्र आहे यापेक्षा वायूचा प्रवाह किती आहे यावर अवलंबून असतो. शिवाय घशात पोहोचलेला ध्वनी मध्यकर्णात उघडणाऱ्या नलिकेच्या मुखाशीच असतो. खोलीच्या भिंतीवर लावलेल्या मापकाला त्याचा पत्ता लागत नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्ये नवजात अतिदक्षता विभागातील आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असे सुचविले. ४५ आणि ६५ या आकड्यांत फरक थोडा वाटतो. परंतु दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दसपट होते, म्हणजे येथे ती शंभरपट झाली. प्रत्यक्षात बहुतेक विभाग ४५ ची मर्यादा ओलांडतात.

केवळ सीपॅपच्या आवाजाने बहिरेपण येते, असे सिद्ध झालेले नाही. मात्र आकस्मिक मोठ्या आवाजाने अकालजात बालकाची निद्रा मोडते, हृद्गती बदलते, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घसरते. त्यात जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन वा अमिकासिन दिलेले असते. ही औषधे अंतःकर्णातील लोमपेशींना घातक ठरू शकतात, आणि आवाजासोबत त्यांचा अपाय वाढतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. मनुष्यात नष्ट झालेल्या लोमपेशी पुन्हा निर्माण होत नाहीत.

म्हणून यंत्र काढा, असा सल्ला कोणी वैद्याने चुकूनही देऊ नये. श्वास हा पहिला, श्रवण त्यानंतरचे. करण्यासारखे आहे ते निराळे : आवश्यक तेवढाच प्रवाह ठेवणे, नळीत साचलेले पाणी वेळोवेळी काढणे, यंत्राचा इशारा वाजताच दखल घेणे, पेटीची दारे हलक्या हाताने लावणे, पेटीवर बाटल्या वा नोंदवह्या न आपटणे. यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, शिस्त लागते!

याचा अर्थ संपूर्ण शांतता हितकर, असाही नव्हे. सेंट लुईस येथील २०१४ च्या अभ्यासात एकांत खोल्यांत वाढलेल्या अकालजात बालकांची भाषिक प्रगती दुसऱ्या वर्षी सामायिक कक्षातील बालकांपेक्षा कमी भरली. आमच्या मते हा अयोगाचाच नमुना होय. चरकाचार्यांनी बालकाची खेळणी आवाज करणारी असावीत, पण भय उपजविणारी नसावीत, असे शारीरस्थानात सांगितले आहे. ती मर्यादा येथे तंतोतंत लागू पडते. प्रकृती स्थिर असेल, तर सीपॅप चालू असतानाही बालकाला मातेच्या छातीशी त्वचास्पर्शाने ठेवता येते. तिचा हळू आवाजातील संवाद त्यास मिळू द्यावा.

आता आपल्या चिकित्सालयाकडे वळू. सर्वसाधारण नवजातांत दर हजारी एक ते तिघांना कायमचा श्रवणदोष असतो. अतिदक्षता विभागातून आलेल्यांत तो शेकडा दोन ते चार इतका आढळतो. तेव्हा अशा बालकास अभ्यंगासाठी वा बालामृतासाठी आणले, तरी पहिला प्रश्न ‘कानांची तपासणी झाली का?’ हाच असावा. पाच दिवसांहून अधिक काळ विभागात राहिलेल्या बालकाला केवळ ओएई ही चाचणी पुरेशी नाही. तिच्यात श्रवणनाडीचा दोष निसटतो. ‘बेरा’ करून घ्यावी. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र वा अन्य उपचार, असा क्रम सर्वमान्य आहे. पहिली चाचणी निर्दोष आली, तरी नवव्या महिन्यापर्यंत पुन्हा तपासणी व्हावी, कारण काही दोष उशिरा प्रकट होतात. अशा तान्ह्या बालकाच्या कानात तेल घालू देऊ नये. आणि ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ असे आजीबाई सांगू लागल्या, तर त्यांचे आदराने ऐकून घ्यावे व बेराची चिठ्ठी त्याच भेटीत लिहून द्यावी.