मारुती 800 चे तीन सिलिंडरी इंजिन
डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती 800 मध्ये सुझुकीचे एफ8बी हे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. 68.5 मिलिमीटर बोअर आणि 72 मिलिमीटर स्ट्रोक मिळून क्षमता भरते 796 सीसी. ताकद चाळीस अश्वशक्तीच्याही आत. पण गाडीच मुळात हलकी, त्यामुळे ती पुरे. सुरुवातीची इंजिने कार्बोरेटरची होती. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर एमपीएफआय (मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन) आले.

कार्बोरेटरच्या गाड्यांत जेटमध्ये कचरा अडकला की आयडलिंग बिघडते आणि गाडी सिग्नलला बंद पडते. हे किरकोळच. खरा घात होतो तो गरम होण्याने. रेडिएटर चोंदला, थर्मोस्टॅट अडकला किंवा पंखा फिरेनासा झाला, तरी गाडी तशीच दामटली जाते. मग हेड वाकते, गॅस्केट जाते आणि पाणी ऑइलमध्ये उतरते. ऑइलचे झाकण उघडल्यावर आत दुधाळ, चहाच्या रंगाचा चिकटा दिसला, तर बहुधा हेच झालेले असते. नुसते गॅस्केट बदलून भागत नाही, हेडचा सपाटपणाही तपासावा लागतो. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर व्हॉल्व्ह सील किंवा पिस्टन रिंग झिजलेल्या असतात. टायमिंग बेल्ट मात्र तुटण्याआधी सहसा कुरकुरत नाही, म्हणून तो मुदतीतच बदलावा.