केमोथेरपीतील उलट्या आणि काटकसरीचा हिशेब

कर्करोगाच्या उपचारांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते : रोग बरा होईल काय, आणि पैसा किती लागेल? रुग्णाला मात्र या दोहोंहून निकटची असते ती मळमळ. औषधच जालीम, तेव्हा एवढे सोसलेच पाहिजे, असे नातलग म्हणतात आणि रुग्णही ते मान्य करतो. १९७८ साली अमेरिकेत सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली, त्या काळात ही समजूत खरीच होती. प्रतिबंधक औषधाविना ते दिल्यास दहांतील नऊंहून अधिक रुग्णांना उलट्या होतात, आणि तेव्हाचे उपाय तोकडे होते. आज त्या समजुतीला आधार उरलेला नाही.

उलटी पोटातून येत असली तरी तिचा हुकूम मेंदूतून सुटतो. केमोथेरपीच्या औषधामुळे आतड्याच्या अस्तरातील काही पेशी सिरोटोनिन सोडतात आणि तो निरोप मज्जातंतू मेंदूकडे नेतात. अमेरिकेत १९९१ साली मान्यता मिळालेले ऑन्डॅन्सेट्रॉन हा निरोप वाटेतच अडवते. त्याला डेक्सामेथासोनची जोड दिली जाते. २००३ पासून ॲप्रेपिटंट आले आणि पुढे मूळचे मनोविकारावरील ओलान्झापिनही या कामी उपयोगी ठरले. ही औषधे केमोथेरपीच्या आधी द्यावयाची असतात. उलट्या सुरू झाल्यावर त्या आवरणे फार कठीण जाते.

खरी मेख दुसऱ्या दिवसापासून पुढे आहे. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाचा त्रास दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत पुन्हा उसळतो. तोवर रुग्ण एस. टी.ने गावी पोहोचलेला असतो, किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या आसऱ्याला असतो. सोबत दिलेल्या गोळ्या 'आज बरे वाटते आहे' म्हणून डब्यात राहतात किंवा विकतच घेतल्या जात नाहीत. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. पण मोठ्या इंजेक्शनासाठी कर्ज काढणारे घर नेमकी या गोळ्यांवर काटकसर करते, ही त्याच्याच विषयातील गोष्ट आहे. अंगातील पाणी कमी झाले की सलाइन आले, सोबत्याची मजुरी बुडाली, पुढची मात्रा लांबणीवर पडली. आणि काही जण तर उपचारच अर्ध्यावर टाकतात. तेव्हा आधीचा सारा खर्च पाण्यात जातो.

आणखी एक नुकसान हिशेबात येतच नाही. पहिल्या खेपेस हाल झाले, तर शरीर ते लक्षात ठेवते. पुढच्या वेळी इस्पितळाच्या वासानेच पोट ढवळते आणि अशी मळमळ नेहमीच्या गोळ्यांना सहसा दाद देत नाही. म्हणून पहिली खेपच नीट सांभाळली पाहिजे.

स्वस्ताईच्या बाजूचे संशोधन होतच नाही असे नाही. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इतर प्रतिबंधक औषधांच्या जोडीला ओलान्झापिनची २.५ मिलिग्रॅमची मात्रा १० मिलिग्रॅमइतकीच उपयोगी ठरली आणि दिवसाची गुंगी पुष्कळ कमी झाली. ज्याला दुसऱ्या दिवशी बस पकडायची आहे, त्याला ही गुंगी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

घरच्यांनी करण्यासारखेही थोडेफार आहे. थोडे थोडे, वारंवार खायला द्यावे : मऊ भात, पेज, लाह्या. फोडणीचा वास सोसत नसेल, तर अन्न निववून वाढावे. आवडीचा पदार्थ नेमका औषधाच्या दिवशी देऊ नये. त्याच्यावरच कायमची शिसारी बसू शकते. 'माझ्यासाठी दोन घास' हा आपला प्रेमळ आग्रह या दिवसांत निव्वळ छळ ठरतो. मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, कारण डेक्सामेथासोनने साखर वाढते. दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल, तर घरी वाट पाहू नये.

यापलीकडचे काम इस्पितळांचे आणि शासकीय योजनांचे आहे. रुग्णाला घरी सोडताना पुढील दिवसांच्या गोळ्यांची पुडी त्याच्या हाती पडावी, तिचा खर्च मूळ उपचाराच्या खर्चातच धरला जावा, आणि कोणती गोळी कोणत्या दिवशी व केव्हा घ्यायची, ते मराठीत, ठसठशीत अक्षरात लिहिलेले असावे.